खुंटीवरची पिशवी

‘‘पाणी आल्यावर बघू की आक्का. आत्तापासनं कशाला?’’

हे मी बोलले होते. जून २०१९, दुपारची वेळ, शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात, एका घराच्या सोप्यात बसून. मी तिथली आरोग्य सेविका. कुणी सिस्टर म्हणतं, बहुतेक बायका नुसतं बाई म्हणतात. पावसाळ्याआधीचा सर्व्हे चालू होता. ताप कुणाला, गरोदर कोण, डोस कुठल्या पोराचा राहिलाय, असं विचारत आणि रजिस्टरात भरत मी गल्ली संपवत होते. त्या घरातल्या आक्कांच्या मुलाला लहानपणापासून फिटचा त्रास. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि गोळ्या चालू होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘बाई, औंदा पाणी आलं तर ह्याच्या गोळ्यांचं कसं करायचं?’’ मी वरचं उत्तर दिलं आणि पुढच्या घरी गेले.

मला कंटाळा आला होता किंवा घाई होती, असं म्हणून मी त्यातून सुटू शकत नाही. माझं मतच तसं होतं, आणि ते पक्कं होतं. पुराची तयारी हे तहसीलचं काम. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी दवंडी द्यायची, बोटी आणायच्या, माणसं हलवायची. आमचं काम पाणी उतरताना सुरू होतं. विहिरीत आणि टाकीत टीसीएल टाकायची, नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायला ओटी टेस्ट करायची, घरोघरी मेडिक्लोरच्या बाटल्या द्यायच्या, चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिन द्यायची, जुलाब सुरू झाले की ओआरएस घेऊन धावायचं. २००५ च्या पुरात मी हेच केलं होतं, आणि चांगलं केलं होतं. कॉलऱ्याचा एकही रुग्ण माझ्या गावात निघाला नव्हता, याचा मला अभिमान होता. अजून आहे.

दुसरं कारण कामाच्या ओझ्याचं. सपाटीच्या भागात एका उपकेंद्रामागं ५००० लोकसंख्या धरतात. माझ्याकडं त्याहून जास्त होती. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, कुटुंब नियोजन, क्षयरोग, कुष्ठरोग, साथीचे सर्व्हे, आणि प्रत्येकाचं वेगळं रजिस्टर. आमच्या संघटनेच्या बैठकीत उठून मीच बोलले होते की, आरोग्य खात्याबाहेरचं एकही काम आमच्या गळ्यात घालू नका.

तिसरं कारण मी कधी मोठ्यानं बोलले नाही, पण मनात होतं. आमच्या भागात पुराबद्दल आधीपासून बोलणं लोकांना रुचत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी आहे. पावसाळ्यात तिथं देवळात पाणी चढतं आणि दक्षिणद्वार सोहळा होतो. त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसं येतात. आम्ही पाण्याची वाट बघणारी माणसं. ज्या पाण्याला हात जोडतो, त्याच्याविषयी जूनमध्ये घरोघर जाऊन ‘तयारी ठेवा’ म्हणणं मला अभद्र वाटायचं. गरोदर बाईपुढं तर तो विषय मी काढतच नव्हते.

मग ऑगस्ट उजाडला. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर गेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचा धोका ४३ फुटांना, तिथं ५५ च्या वर. या दोन्ही नद्यांचं पाणी वाडीला एकत्र येतं आणि आमच्या गावांत पसरतं. कोयनेचं, वारणेचं पाणी वरून येत होतं आणि खाली अलमट्टीकडं कितपत उतरतंय, याच्यावरच सगळ्या गप्पा चालल्या होत्या. ८ तारखेला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं बुडाली. त्यानंतर आमच्याकडच्या म्हाताऱ्या बोटीत पाय टाकायला तयार होईनात. गुळाच्या काहिलीतून माणसं काढलेली मी डोळ्यांनी बघितली आहेत. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेला आणि ट्रक दोन्ही बाजूंना अडकले. त्यांत भाजीपाला, दूध होतं, तशी औषधंही होती.

माझी नेमणूक उंचावरच्या एका शाळेतल्या छावणीत झाली. टेबल मांडलं, पेटी उघडली, आणि पहिल्याच सकाळी माझ्यापुढं रांग लागली. ताप-खोकल्याची माणसं थोडी. बाकी सगळी रोजच्या गोळ्यांची.

‘‘बाई, माझी बीपीची गोळी द्या.’’

‘‘कुठली?’’

‘‘बारकी हाय. पिवळी.’’

‘‘नाव?’’

‘‘नाव काय म्हाईत नाही. ती कागदाच्या पुडीत देतात.’’

दिवसभर हेच. साखरेची लांबट पांढरी. हृदयाची गुलाबी, अर्धी. थायरॉईडची बाटलीतली. एका आजोबांनी रिकामं पाकीट जपून आणलं होतं. पण गोळ्या काढताना नावाचा भाग फाटून गेलेला, उरलेल्या पत्र्यावर फक्त किंमत आणि तारीख. इन्सुलिन घेणारी बाई होती, तिची बाटली घरच्या फ्रिजमध्ये आणि फ्रिज पाण्यात. आम्ही अंदाज बांधत होतो. बीपी मोजायचं, ग्लुकोमीटरनं साखर बघायची, फोन लागला तर डॉक्टरांना विचारायचं आणि पेटीत असेल त्यातलं काहीतरी द्यायचं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतकं अंधारात औषध मी कधी दिलं नव्हतं.

आक्का मुलाला घेऊन दुसऱ्या दिवशी आल्या. गोळ्या देवळीत राहिल्या होत्या. ‘‘पांढरी हाय बाई. वाटोळी. मधे रेघ हाय.’’ सरकारी दवाखान्यातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या, वाटोळ्या आणि मधे रेघ असलेल्या असतात. फिटच्या वेगवेगळ्या औषधांचा डोस वेगवेगळा, आणि पेटीत त्यातलं एकही नव्हतं. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी नाव विचारलं, मी गप्प.

फिटची गोळी एकदम बंद झाली की फिट यायची शक्यता वाढते. हे मला नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे वर्गातून ओरडा आला. तो बाकाच्या कोपऱ्यावर पडला होता, कपाळातून रक्त येत होतं, अंग ताठ होऊन झटके चालले होते. भोवती माणसं जमली, कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल नाकाशी धरली, एक जण त्याच्या दातांत चमचा घालायला बघत होता. मी सगळ्यांना बाजूला केलं, बाक सरकवले, त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली कुणाची तरी घोंगडी सारली आणि घड्याळ बघत बसले. तीन मिनिटांत झटके थांबले. पण शुद्धीवर यायच्या आधीच परत सुरू झाले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, गुडघाभर पाण्यातून आम्ही त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. पोरगं वाचलं. कपाळाला चार टाके पडले आणि पुढचा एक दात गेला.

आक्का मला काही बोलल्या नाहीत. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी काय विचारलं होतं आणि मी काय सांगितलं होतं, हे त्यांना आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. मला आठवत होतं. ट्रॉलीत त्याचं डोकं मांडीवर धरून बसले असताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की त्या दिवशी मी त्यांना नुसतं एवढं सांगितलं असतं, ‘पाकीट फेकू नका, पदराला बांधून ठेवा’, तरी पुरलं असतं. एका वाक्याचं काम होतं. त्याला तहसीलदार लागत नव्हता, बोट लागत नव्हती.

तरीही माझं मत त्या दिवशी पूर्ण बदललं असं म्हणणं खोटं ठरेल. पाणी उतरल्यावर सुरुवातीला मला लोकांचाच राग आला. एवढी वर्षं औषध खाता आणि नाव माहीत नाही? एवढा भोंगा वाजत होता आणि गोळ्या उचलता आल्या नाहीत? मी ठरवलं, यांना शिकवायचं. आपत्तीच्या एका पुस्तिकेतून १८ वस्तूंची यादी उतरवून काढली. बॅटरी, शिट्टी, दोरी, रेडिओ, सुकं खाणं, कागदपत्रांच्या झेरॉक्स. छापील कागद घरोघरी वाटला. महिन्याभरानं बघितलं तर एका घरात त्यावर पापड वाळत घातले होते, आणि तयारी एकाही घरात नव्हती.

खरा बदल २०२० च्या संक्रांतीला झाला. आमच्या आशाताईच्या घरी हळदीकुंकू होतं, चाळीसेक बायका जमल्या होत्या. वाण म्हणून मी बाजारातून चेनच्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या होत्या, स्वतःच्या पैशांनी. मनात होतं की यादी परत एकदा वाचून दाखवावी. पण आधी सहज विचारलं, ‘‘गेल्या साली घरातनं बाहेर पडताना तुमच्या हातात काय होतं?’’

एकीच्या हातात देवघरातले टाक होते. एकीनं गॅसचं पुस्तक घेतलं होतं. एकीनं दूध डेअरीचं पासबुक पोलक्यात घातलं होतं. एकीनं ज्वारीचं अर्धं पोतं उचललं आणि दारात ठेवून आली, कारण कडेवर पोर होतं. एका नव्या सुनेनं लग्नातला शालू घेतला होता आणि ते सांगताना ती रडायला लागली, कारण सासऱ्यांची काठी घरात राहिली होती आणि म्हाताऱ्यांना छावणीत संडासाला न्यायला रोज दोन माणसं लागली. म्हशी सोडायला सांगितल्या म्हणून एकीचा नवरा गोठ्याच्या पत्र्यावर रात्रभर बसून राहिला होता, आणि नवरा हलेना म्हणून तीही हलली नव्हती. हे ऐकल्यावर बाकीच्याही बोलू लागल्या. माणसं का थांबली? म्हस थांबली म्हणून. रेडकू थांबलं म्हणून. सासू आंधळी, तिला अंधारात बोटीत कसं चढवायचं म्हणून. एक बाई नवव्या महिन्यात होती, तिला वाटलं बोटीत कळा सुरू झाल्या तर पुरुषांपुढं काय करायचं, म्हणून ती वरच्या माळ्यावर बसून राहिली.

मी ऐकत बसले. ही सगळी घरं मी वर्षानुवर्षं चढते-उतरते. ती सासू आंधळी आहे हे मला माहीत होतं, मोतीबिंदूच्या शिबिराला तिचं नाव मीच घातलं होतं. ती बाई नवव्या महिन्यात आहे हेही माहीत होतं, तिच्या कार्डावर प्रसूतीची अपेक्षित तारीख मीच लिहिली होती. कोण काठीनं चालतं, कोण दर आठवड्याला डायलिसिसला जातं, कुणाच्या घरी टीबीचं औषध चालू आहे, कुणाला कुत्रं चावून दोन इंजेक्शनं झालीत आणि तीन राहिलीत, हे सगळं माझ्या रजिस्टरांत होतं. तलाठ्याकडं सातबारा होता. बोटवाल्यांकडं बोट होती. घरात नेमकं कोण कुणामुळं अडकून राहील, हे गावात मला आणि आशाताईला माहीत होतं, आणि आम्ही दोघी पाणी उतरायची वाट बघत बसलो होतो.

त्या दिवशी यादी मी वाचली नाही. पिशव्या वाटल्या आणि एवढंच सांगितलं की ही दाराजवळच्या खुंटीला टांगायची.

पुढं त्या पिशवीत काय जायचं, ते हळूहळू ठरत गेलं. रोजच्या गोळ्यांचं एक पाकीट, नावासकट, आणि नवीन पाकीट आणलं की आधी पिशवीतलं वापरायला काढून नवीन तिथं टाकायचं, म्हणजे तारीख उलटत नाही. कागदावर औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वेळा, आणि एक फोन नंबर. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरानं लिहायचं. जास्तीचा चष्मा. गरोदर बाईचं आणि बाळाचं कार्ड. ओआरएसची दोन पाकिटं, एक लिटरला एक. क्लोरीनच्या गोळ्या, अर्ध्या ग्रॅमची एक गोळी २० लिटर पाण्याला, आणि अर्धा तास थांबून मगच प्यायचं. इन्सुलिनवाल्यांना वेगळं समजवावं लागलं. चालू बाटली थंड जागी साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर टिकते, मातीच्या मडक्यात ओल्या फडक्यावर ठेवली तर बरं, पण बर्फात कधी घालायची नाही. मोठी कागदपत्रं कशात ठेवायची ते बायकांनीच सुचवलं. साखर कारखान्याकडून सभासदांना साखर मिळते, त्या पोत्याच्या आत जाड प्लॅस्टिक असतं. ते धुऊन वाळवून त्यात जमिनीचे, शाळेचे कागद. मला हे कधी सुचलं नसतं.

पण पिशवीपेक्षा महत्त्वाचा ठरला तो प्रश्न, जो मी त्यानंतर प्रत्येक घरात पहिल्यांदा विचारू लागले: ‘‘जनावरं किती, आणि पाणी आलं तर कुठं नेणार?’’ पुरुष माणसं चमकायची. नर्सबाईला जनावरांचं काय? पण उत्तर द्यायची, आणि उत्तर देता देता बोलणं पुढं जायचं. माळावर पाहुण्यांचा गोठा आहे का, वैरण कोण नेणार, म्हशी आधी गेल्या तर घरात मागं कोण राहतं. मग मी म्हणायची, ‘‘म्हशींबरोबर आजी जातील का?’’ बघा, या घरांत आजीला हलवायचा रस्ता गोठ्यातून जातो. जनावरं एक दिवस आधी सुखरूप पोचली की घरधनी स्वतःच बाकीच्यांना चला म्हणतो.

आणि गरोदर बायका. अभद्र वाटेल म्हणून जे मी टाळत होते, ते बोलायची वाट आपल्या रीतीतच होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतंच. तारीख जुलै-ऑगस्टची निघाली की मी पुराचं नावही न काढता सासूबाईंना विचारते, ‘‘ओटी भरून माहेरी कधी पाठवताय? सातव्यातच पाठवा, उंचावरचं गाव आहे, दवाखाना जवळ आहे.’’ माहेरही नदीकाठी असेल तर मावशी, आत्या, बहीण बघायची. गडचिरोलीत पावसाळ्यात रस्ते तुटतात, म्हणून गरोदर बायकांना आधीच आणून ठेवायला आरोग्य खात्याची माहेरघरं आहेत. आमच्याकडं तशी सोय नाही, पण नातीगोती आहेत.

मधल्या काळात एका प्रशिक्षणात आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेनं आपत्तीतल्या परिचारिकांसाठी ठरवलेल्या क्षमतांची ओळख करून दिली. पहिली आवृत्ती २००९ ची, सुधारलेली २०१९ ची, म्हणजे आमच्या पुराच्याच वर्षाची. त्यात परिचारिकेनं स्वतःची आणि स्वतःच्या कुटुंबाची तयारी ठेवावी, असंही आहे. ते ऐकून माझा चेहरा उतरला. २०१९ ला माझ्या सासूबाई दिराबरोबर बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्या बीपीच्या गोळ्या आमच्या कपाटात होत्या. मी छावणीत लोकांना नावं विचारत होते आणि माझ्या घरचीच बाई दुसऱ्या छावणीत कुणालातरी ‘बारकी पांढरी’ म्हणून सांगत होती. तेव्हा आमच्या दाराजवळ खुंटीसुद्धा नव्हती. त्या संध्याकाळी मी ती ठोकून घेतली.

जुलै २०२१ मध्ये पाणी परत आलं. कोरोना चालू होता, छावणीत माणसं दाटीनं ठेवायची भीती होती, त्यामुळं जेवढी पाहुण्यांकडं जातील तेवढी बरी होती. दोन्ही नद्या पुन्हा ५० फुटांच्या पुढं गेल्या. या वेळी आशाताई आणि मी रजिस्टर घेऊन पोलीस पाटलांबरोबर फिरलो, आणि कुठल्या घरात आधी जायचं ते आम्ही सांगितलं. डायलिसिसचा माणूस दोन दिवस आधी जयसिंगपुरात गेला. तारीख जवळ आलेल्या सगळ्या बायका बाहेर होत्या. छावणीत माझ्या टेबलापुढं रांग लागली तेव्हा माणसं पिशवी उघडून पाकीट पुढं करत होती. दोन वर्षांपूर्वी दिवस गेला होता, या वेळी दुपारपर्यंत संपलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. कित्येक पिशव्यांत गोळ्यांऐवजी लाईटची बिलं निघाली. एका घरात इन्सुलिन बर्फाच्या डब्यात ठेवून वाया गेलं होतं. मी सांगितलेलं तिथं नीट पोचलं नव्हतं, तो दोष माझा. एक आजोबा शेवटपर्यंत घर सोडायला तयार झाले नाहीत आणि त्यांना तिसऱ्या दिवशी छपरावरून काढावं लागलं. त्यांच्याशी मी चार वेळा बोलले होते. ते का थांबले, हे मला अजून उलगडलेलं नाही.

आणि कामाच्या ओझ्याबद्दल मी संघटनेत जे बोलले होते, ते अजूनही खरंच आहे. हे काम सेविकेच्या माथी आणखी एक रजिस्टर म्हणून मारलं, तर ते कागदावर भरलं जाईल आणि खुंट्या रिकाम्या राहतील. दुसरं एखादं ओझं काढून घ्या, आशाताईंना या दिवसांचे पैसे द्या, मग सांगा. माझं मत बदललंय ते एवढ्यापुरतं की हे काम आमचं नाही, असं मी आता म्हणत नाही. घरात शिरायची आणि प्रश्न विचारायची मुभा गावानं दुसऱ्या कुणाला दिलेली नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होते. उपकेंद्रात नवी मुलगी आली आहे, हुशार आहे. तिनं माझी वही चाळली आणि विचारलं, ‘‘मॅडम, पहिला रकाना ‘जनावरं’ का?’’ मी तिला आक्कांच्या घरी घेऊन गेले. मुलगा शेतावर गेला होता. आम्ही सोप्यात टेकायच्या आत आक्का उठल्या, खुंटीवरची पिशवी काढली, चेन उघडून पाकीट त्या मुलीच्या हातात दिलं, आणि तिनं वाचायच्या आधी स्वतःच म्हणाल्या, ‘‘फेनिटॉइन. शंभरची. सकाळी एक, रातच्याला दोन.’’